गावातलं गाणं वर्षभर कसं जमवायचं : एक मोबाइल, एक वही अन् खोकाभर कॅसेटी

डिसेंबर आला की सगळ्यांच्या स्टेटसवर ती रंगीत कार्डं सुरू होतात, वर्षभरात कोणी किती मिनिटं गाणी ऐकली, कोणता गायक एक नंबरवर वगैरे. मी पण माझं उघडून पाहिलं तर ॲपच्या हिशोबानं मी वर्षभर जवळपास काहीच ऐकलं नाही. अन् खरं सांगू का, एवढं गाणं मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. सगळ्यात जास्त वेळा वाजवलं ते एक जात्यावरचं गाणं, साडेतीन मिनिटांचं, त्यात दोनदा कोंबडी येते, एकदा आजी सुनेला "दूध उतू चाललं वो" म्हणून आवाज देते अन् पुढची ओळ तिथूनच धरते, सुराला धक्का नाही.

माझं झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडं. पीक विमा, सातबारा, शाळेचे दाखले, हेच दिवसभर. कॉम्प्युटर, स्कॅनर, इन्व्हर्टर होताच. मागच्या वर्षी मोठेबाबांच्या घराचं बांधकाम काढलं तेव्हा माळ्यावरून कॅसेटींचं एक खोकं निघालं, वहिनी म्हणाली भंगारवाल्याला देऊन टाकू, मी म्हटलं थांब एकदा वाजवून पाहू, अन् तिथून हे मागं लागलं ते लागलंच. आता पोट्टे मला कॅसेटवाला भाऊ म्हणतात. आजूबाजूच्या गावातले दोघंतिघं विचारून राहिले की आम्हालाही आमच्या गावाचं असं करायचं आहे, सुरुवात कशी करायची, म्हणून जे वर्षभरात शिकलो (जास्त करून चुकून शिकलो) ते एकदाचं लिहून काढतो.

पहिली गोष्ट, मोबाइलच्या आधी पंचांग काढा. मी जूनमध्ये उत्साहात एका आजीकडं गेलो, म्हटलं आजी भुलाबाईची गाणी म्हणा. आजीनं माझ्याकडं असं पाहिलं की जसं मी उन्हाळ्यात पोळा भरवायला निघालो. "आत्ता कायची भुलाबाई रे बाबू? पेरणीचे दिवस हायेत." तिला गाणी येत नव्हती असं नाही. भादव्याच्या पौर्णिमेला भुलाबाई मांडतात अन् कोजागिरीला उठवतात, त्या महिन्यातच ती गाणी तोंडात येतात, बाकी अकरा महिने ती कुठंतरी झोपलेली असतात. आपण ॲपवर कधीही काहीही वाजवतो म्हणून आपल्याला हे कळत नाही. गावातलं गाणं मागितलं म्हणून निघत नाही, त्याचा दिवस लागतो अन् बऱ्याचदा हातात काम लागतं.

जात्याचं तर अजून पुढचं. त्याच आजीला मी नंतर खुर्चीवर बसवलं, पुढं माइक ठेवला, पंखा बंद केला, अगदी स्टुडिओ. दोन ओळी म्हणाल्या अन् थांबल्या. "आठोतच नाई." दोनदा गेलो, दोनदा तेच. मग तूर निघाल्यावर फेब्रुवारीत त्यांच्या घरी डाळ भरडायला जातं मांडलं होतं, मी दुसऱ्याच कामानं, म्हणजे त्यांच्या नातवाचा फॉर्म घेऊन गेलो होतो, अन् आजी जात्याच्या खुंट्याला हात लावून बसल्या, जातं दोन फेरे फिरलं अन् आपोआप गाणं सुरू. चाळीस मिनिटं. त्या गाणं आठवत नव्हत्याच, हात फिरत होता अन् हाताबरोबर ओळ येत होती. मध्ये जातं थांबलं की ओळ पण थांबायची. हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर कोणी सांगून पटलं नसतं.

जात्यावरच्या ओव्यांचं महाराष्ट्रात मोठं काम झालेलं आहे, पुण्यात हेमा राईरकर अन् गी पॉइटवॅं यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या, आता त्या पारी (PARI, म्हणजे ग्रामीण भारताच्या गोष्टी जमवणारी संस्था) च्या वेबसाइटवर ऐकायला, वाचायला मिळतात. आधी ते ऐका, मग आपल्या गावात जा, म्हणजे आपल्या भागातल्या ओव्यांची चाल कुठं वेगळी पडते ते कानाला लागतं.

जात्याचं रेकॉर्डिंग करताना एक सांगतो. जात्याची घरघर जमिनीतून येते. मोबाइल जमिनीवर ठेवला तर नुसती घरघर भरते अन् आजीचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. मोबाइलखाली गोधडीची घडी ठेवा, नाहीतर सरळ कॉलर माइक पदराला लावा, दोनतीनशे रुपयांचा पण चालतो. पण घरघर पूर्ण काढून टाकायच्या मागं लागू नका, ती आजीचा ताल आहे, ती गेली तर ओवी लंगडी वाटते. मी एकदा सॉफ्टवेअरनं घरघर साफ केली होती, ऐकलं तर आजी हवेत बसून गाऊन राहिल्या असं वाटलं.

आता वर्षाचं गणित. मी माझं वर्ष पोळ्यापासून धरलं, तुम्ही कुठूनही धरा. पोळ्याला तोरणाखाली झडत्या होतात, एक जण म्हणतो अन् सगळे मिळून "हर बोला हर हर महादेव" करतात. झडती म्हणजे धड गाणं नाही अन् धड भाषण नाही, त्यात महादेव-पार्वती येतात अन् लगेच पुढच्या ओळीत कापसाचा भाव, सोसायटीचं कर्ज, सरपंचाचा रस्ता. म्हणून मी म्हणतो झडती आधी पकडा, कारण देवाचं भजन पुढच्या वर्षी पण तेच राहील पण यंदाची झडती यंदाचीच, पुढच्या पोळ्याला ती म्हणणारा स्वतःच विसरलेला असतो. तिथं गोंधळ भरपूर, बैलांच्या घुंगरांचा आवाज, भोंगा, फटाके. भोंग्याच्या समोर उभे राहू नका, म्हणणाऱ्याच्या अंगाजवळ राहा, अन् झाल्यावर त्याला बाजूला घेऊन तीच झडती एकदा शांततेत बोलायला लावा, शब्द तिथं नीट मिळतात. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लहान पोरं लाकडी बैल घेऊन येतात अन् मोठ्यांच्याच झडत्या अर्ध्यामुर्ध्या म्हणतात. ते पण घ्या. पोरांनी कोणता शब्द चुकवला त्यावरून कोणता शब्द गावातून चालला ते कळतं.

मग भुलाबाई. इथं माझं अवघड झालं, कारण मी पुरुष माणूस, मी ओसरीवर बसलो की पोरी लाजतात अन् बायका तीच दोन शहाणी गाणी म्हणून खिरापतीवर येतात. तिसऱ्या दिवशी डोकं चाललं, मोबाइल बायकोकडं दिला अन् मी घरी येऊन झोपलो. त्या रात्री जे मिळालं त्यात सासूची, नणंदेची, नवऱ्याची अशी काही धुलाई आहे की बस. वर खिरापत ओळखायचा दहा मिनिटांचा दंगा, डब्यात काय आहे म्हणून, चिवडा का, लाडू का, वाजवून दाखव, गोड का तिखट. ती दहा मिनिटं कापू नका, ते पण गाण्याचाच भाग आहे. आर्काइव्हमध्ये सगळ्यात मोठी चूक हीच होते की आपण गाणं सुरू झालं की बटण दाबतो अन् संपलं की बंद करतो. आधी पाच मिनिटं, नंतर पाच मिनिटं चालू राहू द्या. बाई गाणं संपवून म्हणते "हे माह्या माय म्हणे, आम्ही अंजनगावले होतो तवा", अन् आपण तेव्हा बटण बंद करून चहा पिऊन राहिलो असतो.

कोजागिरीपासून महिनाभर काकड आरती, कार्तिकी पौर्णिमेपर्यंत. पहाटे चारला उठावं लागतं, थंडी सुरू झालेली असते, पण रेकॉर्डिंगच्या दृष्टीनं याहून चांगली वेळ नाही, ना गाड्या, ना डीजे, ना फोन. आमच्या देवळाला वरून टिनाचं शेड आहे, टाळ वाजले की तो आवाज शेडवर आपटून परत येतो अन् रेकॉर्डिंगमध्ये नुसतं छन छन. दोन दिवस गेल्यावर कळलं, मोबाइल मधोमध ठेवायचाच नाही, कोपऱ्यात खांबाच्या आड, दुपट्ट्याच्या घडीवर, अन् तोंड म्हणणाऱ्यांकडं. टाळवाल्यापासून जितकं लांब तितकं बरं.

खंजिरीचं पण तसंच. आमच्याकडं भजन म्हणजे खंजिरी भजन, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या यावली-मोझरीपासून आमचं गाव फार लांब नाही. खंजिरीच्या चकत्यांचा आवाज मोबाइलला सहन होत नाही, लेव्हल लाल होते अन् फाटतो. खंजिरीवाल्याच्या सरळ समोर बसू नका, बाजूला बसा, अन् ॲपमध्ये लेव्हल अशी ठेवा की सगळ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मधात राहील. आवाज कमी आला तर नंतर वाढवता येतो, फाटलेला आवाज शिवता येत नाही.

अन् भजन शेवटच्या कडव्यापर्यंत घ्या. हे लय जण करत नाहीत, दोन कडवी झाली की पुरे म्हणतात. पण रचणाऱ्याचं नाव शेवटच्याच कडव्यात असतं ना. "तुकड्यादास" आलं की कळतं हे महाराजांचं, तुकोबांचं असलं तर "तुका म्हणे", कुठं गावातल्याच एखाद्या जुन्या बुवाचं नाव निघतं ज्याला आता कोणी ओळखत पण नाही. माझ्याकडं अशी दोन भजनं आहेत, दोन्हीत एकच नाव, पंचायतीत नाही, मतदार यादीत नाही, शेवटी एका म्हाताऱ्यानं सांगितलं की तो इथं सालगडी म्हणून राहायला आला होता अन् रात्री भजनं जोडायचा. नावाचा पण डोळे झाकून भरवसा धरू नका म्हणा, म्हणणारे नाव बदलतात पण, पण सुरुवात तिथूनच होते.

तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. म्हणजे त्यांची खंजिरी प्रत्यक्ष ऐकलेला माणूस आता सत्तरीच्या आसपास नाहीतर त्याच्याही पुढं. तुमच्या गावात असा कोणी असेल तर हे वाचणं इथंच सोडा अन् आधी त्याच्याकडं जा. गाणं नाही म्हणता आलं तरी चालेल, त्यांना विचारा महाराज खंजिरी कशी धरायचे, कुठं बसले होते, लोक किती होते, कंदील होता का बत्ती. बोलणं पण जमवायची गोष्ट आहे. इंग्रजांच्या काळात ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणात देशभरच्या बोलींचे नमुने ग्रामोफोनच्या तव्यांवर घेतले होते, त्यात बायबलमधली उधळ्या पोराची गोष्ट एकेकानं आपापल्या बोलीत सांगितलेली आहे, आज शंभर वर्षांनी लोक ते ऐकतात ते गोष्टीसाठी नाही, माणसं बोलायची कशी त्यासाठी.

कोजागिरीनंतर पाच दिवसांनी गुरुकुंज मोझरीला पुण्यतिथीची गर्दी होते, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली. मी सवयीनं रेकॉर्डर चालूच ठेवला होता. घरी येऊन ऐकलं तर इतकी माणसं अन् आवाज नाही, एक लेकरू रडते, कुठंतरी झेंड्याचं कापड फडफडते. वर्षातली माझी आवडती फाइल कोणती विचारलं तर मी ती सांगतो अन् लोक म्हणतात यात तर काहीच नाही.

दिवाळीनंतर पूर्वेकडं, भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीकडं मंडई (गावची जत्रा) अन् दंडारी (नाच-गाण्याचे खेळ) सुरू होतात, वडसा म्हणजे देसाईगंजच्या नाटक कंपन्यांचा सीझन लागतो, रात्रभर नाटक चालते. ते झाडीपट्टीतल्या लोकांनी करावं, मी एकदा पाहुण्याकडं गेलो तेव्हा ऐकलं तेवढंच. पण नाटक रेकॉर्ड करणार असाल तर कंपनीला विचारल्याशिवाय नाही, त्यांचं पोट तिकिटावर आहे. तसंच मेळघाटात होळीला कोरकू लोकांचं गाणं-नाच अन् मग फगवा, फार देखणं असतं, पण मला कोरकू येत नाही अन् भाषा न येता रेकॉर्ड केलं तर मी नुसता आवाज उचलून आणीन, खाली काय लिहीन? ते कोरकू पोरापोरींनीच करायचं काम आहे.

महाशिवरात्रीच्या आधी पचमढीला जाणारे महादेवाची गाणी म्हणत निघतात, ती गाडीत बसताना पकडा, परतीला आवाज बसलेले असतात. १४ एप्रिलला डीजे असतो तो असू द्या, पण जयंतीच्या आदल्या आठवड्यात जुन्या गायन पार्टीतल्या लोकांकडं जा, पेटी-ढोलकवाले अजून आहेत, अन् त्यांच्याकडं हातानं लिहिलेल्या गाण्यांच्या वह्या असतात. वही हा खजिना आहे राव. मला एक वही मिळाली, हिशोबाची, एका पानावर कापसाच्या वेचणीचे पैसे अन् मागच्या पानावर बाबासाहेबांवरचं गाणं, वरती चाल कोणत्या सिनेमाच्या गाण्याची ते पण लिहिलेलं. मी फक्त गाण्याची पानं स्कॅन करत होतो, मग लक्षात आलं की हिशोबाच्या पानावर तारीख आहे अन् गाण्यावर नाही. आता वही पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत स्कॅन करतो, कोरं पान सुद्धा. अन् वही त्याच दिवशी परत.

मे महिन्यात लग्नं. पारा ४५ च्या वर, मोबाइल उन्हात तापून आपोआप बंद पडतो, ओल्या रुमालात गुंडाळू नका, नुसता सावलीत ठेवा. हळदीच्या अन् व्याह्यांना शिव्या द्यायच्या गाण्यांचं एक सांगतो, मी एकदा तसली तीस सेकंदं गमतीत स्टेटसला टाकली. रात्रीपर्यंत ती व्याह्यांकडं पोचली. मांडवात खपतं ते मोबाइलवर खपत नाही हे मला तेव्हा समजलं, दोन्ही घरी जाऊन हात जोडावे लागले अन् त्या काकू अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. तेव्हापासून माझा नियम असा की रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच माणसाच्या तोंडून घ्यायचं, मी अमकी, हे गाणं म्हणते, हे कोणाकोणाला ऐकवलं तर चालेल. कागदावर सह्या मागितल्या तर लोक घाबरतात, त्यांना वाटतं कर्जाचा फॉर्म आहे, अन् माझ्या दुकानामुळं तर जास्तच. तोंडी बरं. गोंधळातलं, अंगात येण्याच्या वेळचं काही असेल अन् ते म्हणाले घरातच ठेवा, तर घरातच.

आता कॅसेटी.

घरोघरी पडल्या आहेत, संदुकीत, माळ्यावर, टीव्हीच्या मागं. पहिले वाटणी करा. कंपनीच्या छापील कॅसेटी मागं ठेवा, त्या दुसऱ्या कोणाकडं तरी असतीलच. कोऱ्या कॅसेटवर घरी भरलेल्या असतात, ज्यावर पेनानं काहीतरी खरडलेलं असते किंवा काहीच नसते, त्या आधी. अन् छापील पण एकदा पूर्ण वाजवल्याशिवाय टाकू नका. मोठेबाबांच्या खोक्यात हिंदी सिनेगाण्यांची एक कॅसेट होती, तिसरं गाणं मध्येच तुटतं अन् एकदम आमच्या जुन्या घराची ओसरी येते, मोठेबाबा कोणाशी तरी कापसाच्या गाडीचं बोलून राहिले, मग कोणीतरी म्हणतं "चालू झाली का मशीन", मग खंजिरी, मग चार मिनिटं भजन, अन् परत सिनेमाचं गाणं तिथूनच पुढं. वहिनी ऐकता ऐकता स्वयंपाकघरात निघून गेली.

वाजवायच्या आधी कॅसेटच्या वरची ती दोन प्लास्टिकची जिभली पाहा. ती तुटलेली असली तर त्या कॅसेटवर रेकॉर्ड होत नाही, म्हणजे पुसायची भीती नाही. शाबूत असली तर तोडून टाका. मी तोडली नव्हती. प्लेयर जुना, बटणावरची खूण घासून गेलेली, अन् मी प्लेच्या जागी दोन्ही बटणं दाबली. अकरा सेकंद. त्या अकरा सेकंदांत आता माझ्या दुकानातला पंखा आहे अन् गिऱ्हाईक विचारते आधार लिंक झालं का.

मग कॅसेट नाकाजवळ धरा. बुरशीचा वास आला किंवा खिडकीतून टेपच्या कडेला पांढरं दिसलं तर प्लेयरमध्ये घालू नका, ती बुरशी हेडला (प्लेयरचा टेप वाचणारा भाग) लागते अन् तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटींना. ती वेगळ्या पिशवीत ठेवा, उन्हात नको, कोरड्या सावलीत. आमच्याकडं पावसाळ्यात हे हमखास होतं म्हणून कॅसेटींचं काम मी जानेवारी ते मार्च करतो. चांगली कॅसेट असली तर आधी एकदा पूर्ण पुढं अन् पूर्ण मागं गुंडाळा, वर्षानुवर्षं एका जागी बसून टेप चिकटलेली, ढिली पडलेली असते. आतला तो स्पंजचा किंवा नमद्याचा छोटा तुकडा पडला असेल तर आवाज येतच नाही, लोकांना वाटतं कॅसेट मेली. मेलेली नसते. स्क्रूवाली असेल तर उघडून टेपच्या दोन्ही चकऱ्या दुसऱ्या रिकाम्या कॅसेटच्या खोळीत घाला, दहा मिनिटांचं काम आहे, फक्त पंखा बंद करून करा अन् लहान पोरांना बाहेर पाठवा.

प्लेयरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, कानाच्या काडीनं, दर दोनतीन कॅसेटींनंतर. काडीवर तांबूस-तपकिरी येतं ते जुन्या टेपचं असतं. आवाज कांबळ्याखालून आल्यासारखा येत असेल तर हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, वाजत असताना तो थोडा थोडा फिरवून पाहा, एका जागी टाळ एकदम लखलखीत होतात. तीच जागा. ज्या टेपरेकॉर्डरवर रेकॉर्ड केलं होतं त्याचं हेड जितकं वाकडं होतं तितकंच तुमचं वाकडं करायचं, असं समजा.

प्लेयरमधून कॉम्प्युटरमध्ये घेताना लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर घालू नका, एक साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (आवाज कॉम्प्युटरमध्ये घ्यायची डबी) घ्या. ऑडॅसिटी नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल, एवढं ठेवा. ९६ ठेवलं तर अजून चांगलं, पण जागा दुप्पट लागते. ४८ वर मोनोमध्ये तासाला साधारण ५०० एमबी होतात, स्टिरिओत १ जीबी. ९० ची कॅसेट म्हणजे एका बाजूला ४५ मिनिटं, ती ४५ मिनिटंच लागतात, यात शॉर्टकट नाही, अन् बाजूला बसून ऐकावंच लागतं. लाइट जाते तेव्हा इन्व्हर्टरवर एक बारीक गुणगुण येते, ती वायरला वायर चिकटल्यानं पण येते, वायरी लांब करून पाहा. जी पहिली फाइल निघाली तिला हात लावायचा नाही, सरसर आवाज काढायचा, वाढवायचा, कापायचा तो कॉपीवर. अन् कोणाला पाठवायची असेल तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ती ऐकायची कॉपी, तुमची मूळ फाइल तुमच्याकडंच.

मोबाइलवर रेकॉर्ड करणार असाल तर फ्लाइट मोड. हे मी सगळ्यात आधी लिहायला पाहिजे होतं. एका बुवांचा गण चालू होता, असा गण मी परत ऐकला नाही, अन् मध्ये कर्जवाल्यांचा कॉल आला, रेकॉर्डिंग तुटलं, बुवा पण तुटले, म्हणाले जाऊ दे बाबू, झालं आता.

नावं कशी द्यायची त्याचं. माझ्या पहिल्या महिन्याच्या फाइली आहेत "आजी नवीन", "आजी नवीन २", "भजन चांगलं". यातलं आता मला काही कळत नाही. आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, सगळं आकड्यात सलग, मग प्रकार, मग गाव, मग नंबर. तारीख अशी पुढं असली की फाइली आपोआप ओळीत लागतात. नाव इंग्रजी अक्षरात ठेवा, देवनागरी नावांचे जुन्या मशीनवर चौकोन होऊन जातात. बाकी सगळं वहीत मराठीत, त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी लिहिलं तर अर्धं गेलेलं असतं.

वहीत काय लिहायचं? म्हणणाऱ्याचं नाव, वय, कोणाकडून शिकलं, कोणत्या कामाच्या किंवा सणाच्या वेळी म्हणतात, सोबत कोणतं वाद्य. अन् बाई असेल तर माहेर. हे मला कोणी शिकवलं नाही, वहीच पाहता पाहता दिसलं. एकाच गल्लीतल्या तीन बायकांच्या भुलाबाईच्या गाण्यांच्या चाली तीन, मी म्हटलं आमच्या गावाची चाल कोणती मग? एकीचं माहेर मोर्शीकडचं, एकीचं यवतमाळकडचं, एकीचं तिकडं खामगावकडचं. गाणं सासरच्या गावाचं नसतंच, ते लग्नात तिच्यासोबत येतं. मी जर नुसतं आमचं गाव लिहिलं असतं तर सगळंच खोटं झालं असतं.

शब्द उतरवताना जसे कानावर पडले तसे लिहा. "मले" चं "मला" करू नका, "काहून" चं "का" करू नका. माझ्या भाचीनं एकदा मदत म्हणून दहा गाणी उतरवून दिली, शाळेत मराठीला पैकीच्या पैकी मिळवणारी पोरगी, सगळी गाणी शुद्ध करून टाकली अन् एकही चालीत बसेना. एखादा शब्द कळला नाही तर जागा सोडा, वेळ लिहा, मिनिट अन् सेकंद, अन् दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाला ऐकवा. अंदाजानं भरू नका.

तीन कॉप्या ठेवा. एक कॉम्प्युटरमध्ये, एक हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावात. माझी तिसरी बहिणीकडं अमरावतीला असते, तिच्या साड्यांच्या कपाटात. पेनड्राइव्हला कॉपी समजू नका, माझा एक पेनड्राइव्ह नाटकाच्या पडद्यासारखा एकदम पडला, आवाज नाही काही नाही. होळीला अन् पोळ्याला, वर्षातून दोनदा, सगळ्या डिस्क लावून दहा-दहा फाइली उघडून पाहतो. अन् पावसाळ्यात ढग गडगडला की आधी प्लग काढा, मग वाळवण उचला. आमच्याकडं विजा कशा पडतात ते तुम्हाला सांगायला नको.

शेवटचं म्हणजे परत देणं. जमवणारे घेऊन जातात अन् येतच नाहीत, ही तक्रार मला तीन घरी ऐकायला मिळाली, माझ्याआधी कोणी कोणी येऊन गेले होते, टेप घेऊन, कॅमेरा घेऊन. म्हाताऱ्या माणसाकडं व्हॉट्सॲप नसतं. मेमरी कार्डवर भरा अन् ते ज्या स्पीकर बॉक्समध्ये भजनं ऐकतात त्यात घालून द्या, नाहीतर स्वतः बॉक्स घेऊन जा अन् समोर बसून ऐकवा.

जात्याच्या आजीकडं मी पोळा झाल्यावर असाच बॉक्स घेऊन गेलो. ओसरीवर बसून पूर्ण साडेतीन मिनिटं ऐकलं, कोंबडीला हसल्या, दुधाला हसल्या. मग म्हणाल्या, "तिसरी ओय चुकली. माह्या माय तिथं भावाचं नाव घे, मी दिराचं घेतलं. हे कोणाले ऐकवू नको, पुन्हा घे." मी म्हटलं आजी आता जातं कुठं मांडायचं, तूर तर वावरात उभी आहे. तर सुनेला म्हणाल्या, "कोठीतली जुनी डाळ काढ वो, भरडलेली असली तर काय झालं, पीठ करू." पीठ निघालं, ओवी निघाली, भावाचं नाव घेऊन. दोन्ही टेक माझ्याकडं आहेत. असं झालं तर पहिला टेक पुसायचा नाही, नवीन फाइलला पुढचा नंबर द्यायचा, अन् वहीत दोघांच्या पुढं लिहायचं की दुसरा आजींच्या म्हणण्यावरून घेतला, ऐकवायचा झाला तर दुसराच ऐकवायचा.